पद्मिनीचं इंजिन नव्यानं बांधलंय, पहिलं ऑइल कुठलं घालू?

साताऱ्याच्या एका तरुणाचा प्रश्न आलाय. वडिलांची १९९२ ची प्रीमियर पद्मिनी, दहा-बारा वर्षं शेडमध्ये उभी होती. यंदा फुल इंजिन काम करून घेतलं: बोअर मारून (सिलिंडर आतून मोठा कापून) ओव्हरसाइझ पिस्टन आणि रिंगा, क्रँक ग्राइंड, सगळी बेअरिंगं नवी, शिवाय कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, आणि त्यावर बसणारे टॅपेटही नवे. इंजिन गाडीत बसलंय, अजून चालू केलेलं नाही. मेकॅनिक म्हणतो, २० डब्ल्यू ४० घालू आणि दिवसभर आयडलवर सोडून देऊ, मग मऊ होईल. मित्रानं भेट म्हणून ५ डब्ल्यू ३० फुल सिंथेटिकचा डबा आणून दिलाय. आणि मामा सांगतात, पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळ, हजार किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नकोस. कुणाचं ऐकू?

आधी उत्तर, मग कारणं. साधं मिनरल ऑइल घाला. तुमची कॅम नवी आहे म्हणून मी डिझेल इंजिनांसाठी मिळणारं १५ डब्ल्यू ४०, डब्यावर सीआय-४ हा दर्जा लिहिलेलं, ते निवडीन. ते नाही मिळालं तर पेट्रोल गाडीचं मिनरल २० डब्ल्यू ५०. सिंथेटिक आत्ता नको. टूटी नको. आणि आयडल तर मुळीच नको. ऑइल चुकलं तरी एखादं इंजिन निभावून जातं, पण पहिला अर्धा तास आयडलवर काढलेलं नव्या कॅमचं इंजिन निभावणं अवघड.

आता कारणं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीसएक वर्षं इंजिनं उघडतोय आणि बांधतोय. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. रिंगा बसवल्या म्हणजे रिंगा बसल्या असं होत नाही. बसवायचं काम माझं, बसायचं काम त्यांचं. तेवढ्या काळात ऑइलकडून आपण दोन उलट्या गोष्टी मागत असतो. रिंग आणि बोअर यांना थोडं घासू दे, आणि कॅम आणि टॅपेट यांना अजिबात घासू देऊ नकोस. एकाच चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, एकच ऑइल दोन्हीकडे जातं. ‘कुठलं ऑइल’ या प्रश्नाचा सगळा गुंता इथं आहे. त्यामुळं तुमच्या इंजिनात काय काय नवं आहे हे कळल्याशिवाय डब्याचं नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

रिंगांचं आधी बघू. बोअर मारून झाला की होनिंगचे दगड आत फिरवतात, त्यानं भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटते. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर नव्या पाट्यावर टाकी मारल्यासारखी दिसते. त्या रेघांच्या खाचांत ऑइल धरून राहतं, आणि खाचांमधले बारीक कंगोरे रिंगेच्या कडेला घासून तिला त्या बोअरच्या मापाची करतात. बोअर कितीही चांगला मारला तरी तो कागदावरच्या वर्तुळासारखा गोल नसतो, हेड टॉर्क केलं (ठरलेल्या जोरानं आवळलं) की अजून थोडा बदलतो. रिंगेला त्या खऱ्या आकाराशी जुळवून घ्यावं लागतं. हे काम कंगोरे शाबूत आहेत तोवरच होतं. कंगोरे झिजले की दुकान बंद.

रिंगेला भिंतीवर दाबतं कोण? लोकांना वाटतं, तिची स्वतःची स्प्रिंग. ती आहे, पण थोडी. खरा दाब जळणाऱ्या गॅसचा. कॉम्प्रेशन आणि स्फोटाचा गॅस खाचेत शिरून रिंगेच्या पाठीमागं जातो आणि तिला बाहेर रेटतो. म्हणजे इंजिनावर लोड असेल तर रिंग दाबून घासते. आयडलवर सिलिंडरमध्ये मिश्रणच थोडं जातं, दाब थोडा, रिंग नुसती तरंगत वरखाली होते. भिंतीवरचं ऑइल नीट खरवडलं जात नाही, ते उष्णतेनं भाजतं आणि रेघांवर त्याचा लाखेसारखा थर बसतो. त्याला आम्ही बोअर काचला म्हणतो. एकदा काचला की रिंग आयुष्यभर घसरत राहते, ऑइल खाते, निळा धूर काढते. इलाज एकच, उघडा आणि परत होन करा.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. माझे वस्ताद जुन्या वळणाचे. इंजिन बांधलं की रेडिएटरला नळाची पाइप लावायची आणि रात्रभर आयडलवर सोडायचं, सकाळी गिऱ्हाइकाला द्यायचं. त्यातल्या बऱ्याच गाड्या चालल्याही, कारण तेव्हाच्या साध्या बिडाच्या रिंगा लवकर बसायच्या आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पोती भरून घाट चढायचं. पण एक टॅक्सी तीन महिन्यांत धूर ओकत परत आली. हेड काढलं. वस्तादांनी बोअरमध्ये बॅटरी मारली, आत माझा चेहरा दिसत होता. होनिंगची एक रेघ शिल्लक नव्हती, पण झीज म्हणाल तर मापात काहीच नाही. रिंगा बोअरला घासल्याच नव्हत्या. वस्ताद काही बोलले नाहीत, पण त्यानंतर रात्रभराची पाइप बंद झाली.

मामांचा चाळीसचा नियम त्याच काळातला. गाडीच्या मागं ‘रनिंग इन’ची पाटी लावून लोक बैलगाडीच्या मागून जायचे. त्यात अर्धं खरं आहे: नव्या बेअरिंगांना आणि पिस्टनला जास्त उष्णता आणि जास्त रेस सोसत नाही, सुरुवातीला गाडी ताणू नये. पण हळू जाणं वेगळं आणि लोड न देणं वेगळं. चौथ्या गिअरमध्ये चाळीसनं रखडत जाणाऱ्या गाडीला रेसही नाही आणि इंजिन मात्र गचके खातंय, यात कुणाचंच भलं नाही. टूटीचं म्हणाल तर ते ऑइल स्फोटाच्या जागी जाऊन अर्धवट जळतं, प्लग काळे करतं आणि रिंगेला जिथं घासायचं तिथंच निसरडं करून ठेवतं. मामांना माझा नमस्कार सांगा आणि टूटी स्कूटरला ठेवा.

आता दुसरी बाजू, कॅम. तुमच्या केसमध्ये खरी भीती इथं आहे.

पद्मिनीचं इंजिन म्हणजे फियाट ११०० चं, १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. कॅम ब्लॉकमध्ये खाली, वर पुशरॉड आणि रॉकर. कॅमच्या उंचवट्यावर टॅपेटचा सपाट तळ घासत जातो, मध्ये रोलर नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो. इंजिनात इतका दाब इतक्या कमी जागेवर दुसरीकडं क्वचितच असेल. तिथं ऑइलचा थर टिकत नाही, टिकतं ते ऑइलमधलं रसायन. झिंक आणि फॉस्फरस असलेलं ते रसायन, कारागीर त्याला नुसतं ‘झिंक’ म्हणतात, डब्याच्या भाषेत झेडडीडीपी. उष्णता आणि दाब मिळाला की ते धातूवर काचेसारखा पातळ थर धरतं, आणि तो थर झिजतो, धातू वाचतो.

आता गंमत बघा. हेच फॉस्फरस धुरातून, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत गेलं की त्याला निकामी करतं. म्हणून पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी करत आणलं. २००४ मध्ये आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) एसएम ग्रेडपासून ५ डब्ल्यू ३०, १० डब्ल्यू ३० असल्या पातळ ऑइलांमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर चालत नाही. नंतरच्या एसएन आणि एसपीमध्येही तेच. तुमच्या मित्राचा डबा नेमका त्या गटातला. रोलर असलेल्या किंवा हलक्या स्प्रिंगच्या नव्या इंजिनांना ते भरपूर होतं. पद्मिनीला कन्व्हर्टर नाही, रोलरही नाही. तिला नको ती काटकसर आणि हवं ते कमी. ही मर्यादा २० डब्ल्यू ५० सारख्या जाड ग्रेडना लागू नाही, आणि डिझेलच्या सीजे-४, सीके-४ ला ती ०.१२ टक्के आहे. सीआय-४ तर त्याच्याही आधीचा, त्याला अशी मर्यादाच नव्हती. म्हणून जुन्या कॅमवाल्यांचा ओढा डिझेलच्या ऑइलकडं. ट्रकचं ऑइल कारमध्ये कसं, असं गिऱ्हाइकं विचारतात. डबा फिरवून मागं बघा, सीआय-४ च्या पुढं तिरकी रेघ मारून एसएल लिहिलेलं पुष्कळदा सापडेल. म्हणजे ते पेट्रोलच्याही परीक्षेत पास झालंय.

डिझेलच्या ऑइलमध्ये मळ धुणारं डिटर्जंट जास्त असतं आणि ते झिंकला धातूवर बसताना आडवं येतं, असं काही जाणकार म्हणतात. तत्त्व म्हणून बरोबर आहे. परदेशात खास ब्रेक-इनचंच ऑइल मिळतं, झिंक जास्त आणि डिटर्जंट कमी. तुमचं कुणी तिकडून येणार असेल आणि बॅगेत जागा असेल तर आणा. नाहीतर त्यासाठी इंजिन अडवून ठेवू नका. मी आजवर ज्या कॅमा गमावल्या त्यातली एकही डिटर्जंटनं गेली नाही.

गमावल्या म्हटलं, तर एक सांगतोच. पद्मिनीच होती. गिऱ्हाईक हौशी, त्यानंही असंच महागाचं पातळ सिंथेटिक आणलं आणि मी त्याचं मन मोडलं नाही. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या दिवशी कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत होता. चालू करायचं, बंद करायचं, फ्लोट काढायचा, परत सेल्फ मारायचा, दोन मिनिटं आयडल, परत बंद. असा तासभर. तीनशे किलोमीटरवर तो टॅपेटचा आवाज घेऊन आला. फिलर लावून टॅपेट सेट करून दिले, पंधरा दिवसांत परत तोच आवाज. चेंबर उतरवला तर तळाशी राखाडी चिखल. कॅम बाहेर काढली तेव्हा एका एक्झॉस्टचा उंचवटा बोटानं कळावा इतका बसला होता आणि त्याच्या टॅपेटचा तळ खरवडलेल्या नारळासारखा. ऑइल चुकलं हे खरं, पण निम्मं पाप त्या तासभराच्या सेल्फचं, आणि ते माझं. कॅम माझ्या पैशानं घातली.

म्हणून ऑइलच्या इतकाच जीव पहिल्या वीस मिनिटांत घाला. कॅमच्या उंचवट्यांना पंपाचं ऑइल थेट मिळत नाही, त्यांच्यावर पडतं ते क्रँकनं उडवलेलं. आयडलवर क्रँक उडवून उडवून किती उडवणार? शिवाय कमी रेसला उंचवट्याच्या टोकावर स्प्रिंगचा जोर सगळ्यात जास्त जाणवतो. दोन हजार ते अडीच हजार आरपीएमला ऑइलचा पाऊस पडतो आणि टॅपेट आपल्याभोवती फिरायला लागतो. तो फिरला पाहिजे. एका जागी अडकलेला टॅपेट घासून कॅम खातो.

बांधताना कॅमचे उंचवटे आणि टॅपेटचे तळ काळ्या मॉलिब्डेनमच्या पेस्टनं माखले होते का, हे तुमच्या मेकॅनिकला विचारा. हो म्हणाला तर बरं. नाही म्हणाला तर चेंबर उतरवून खालून जितकं पोचतं तितकं लावा, लाज बाळगू नका. ती पेस्ट बोअरला किंवा रिंगांना मात्र लागलेली नसावी. तिथं फक्त त्याच इंजिन ऑइलचा पुसट हात. पिस्टन ऑइलमध्ये बुडवून घालायची आमच्याकडं पद्धत आहे, ती मला पटत नाही. पहिल्या मिनिटातच ते सगळं जळून रेघा भरतं.

इथं एक गोष्ट ऑइलच्या आधीची, पण तिच्याशिवाय कुठलंही ऑइल वाया. होनिंग झाल्यावर ब्लॉक कशानं धुतला? रॉकेलनं किंवा पेट्रोलनं धुतला असेल तर तो धुतलाच नाही. दगडाची बारीक पूड रेघांत रुतून बसते, रॉकेल तिला फक्त पसरवतं. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ताठ ब्रश, हेच. धुऊन कोरडा केला की पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून बोअरमध्ये फिरवायचं. करडं निघालं तर परत धुवायचं. चौथ्यांदा कुठं फडकं पांढरं निघतं. आणि लगेच ऑइलचा हात, नाहीतर आमच्याकडं पावसाळ्यात चहा पिऊन येईस्तोवर बोअरवर तांबेरा धरतो. तुमचं इंजिन बांधून बंद झालंय, आता धुता येणार नाही. पण पूड राहिली असेल तर ती पहिल्या ऑइलबरोबर बाहेर काढायची संधी आहे, म्हणून पहिलं ऑइल लवकर बदलायचं. आणि म्हणूनच ते महागाचं नको, जीव जडेल असं नको.

जाडीचं थोडक्यात. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा. २० डब्ल्यूची सेल्फची चाचणी उणे १५ अंशाला घेतात, १५ डब्ल्यूची उणे २० ला. साताऱ्यात काय, महाबळेश्वरात दंव पडलं तरी तिथवर पोचत नाही, तेव्हा तो आकडा विसरा. मागचा आकडा गरम ऑइलचा. १०० अंशाला ४० नंबरची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, ५० ची १६.३ ते २१.९. ३० त्याहून पातळ. पद्मिनीच्या बेअरिंगांना ४० किंवा ५० शोभतं. क्रँक ग्राइंड करून नवी बेअरिंगं घातल्यावर फट नेमकी आली असेल तर ४० पुरे, म्हणूनही मी सुरुवातीला १५ डब्ल्यू ४० म्हणतो. तुमच्या मेकॅनिकचं २० डब्ल्यू ४० जाडीनं चुकीचं नाही. फक्त डबा फिरवून एपीआयच्या पुढं काय लिहिलंय ते वाचा. एसएफ, एसजी असं जुनं अक्षर असेल आणि पेट्रोल इंजिनाचं असेल तर हरकत नाही. काहीच लिहिलेलं नसेल, किंवा ड्रममधून काढलेलं सुट्टं असेल, तर पाण्याच्या पंपालाही घालू नका. डबा पेट्रोल पंपावरून घ्या. सर्वो, मॅक, एचपी, यातलं जे जवळ असेल ते. सील बघा. चुकीच्या ऑइलपेक्षा खोट्या ऑइलनं जास्त इंजिनं खाल्लीत.

अगदीच आडगावी अडकलात तर एक युक्ती. मोटरसायकलचं मिनरल २० डब्ल्यू ५०, ज्यावर जासो एमए (मोटरसायकल ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलंय. त्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, घसरू नये म्हणून त्यात निसरडेपणाची रसायनं घालत नाहीत, आणि जासोच्या नियमानं फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्क्यांच्या मध्ये असतं. रिंगांनाही ते सोयीचं, कॅमलाही.

सिंथेटिकवर मात्र अन्याय नको. ‘सिंथेटिकमध्ये रिंगा बसतच नाहीत’ असं छातीठोक सांगणारे आमच्या गल्लीत दहा आहेत. १९९२ पासून शेव्हरोले कॉर्व्हेट कारखान्यातूनच मोबिल १ सिंथेटिक भरून निघते, तिच्या रिंगा बसतातच की. फरक बोअरचा आहे. कारखान्यात होनिंग दोन-तीन टप्प्यांत करतात, शेवटच्या टप्प्यात कंगोऱ्यांची टोकं उडवतात, खाली खोल खाचा राहतात. रिंगेला घासायचं काम फारसं उरतच नाही. आपल्याकडं होनिंग बहुतेक हातात ड्रिल धरून, कारागिराच्या अंदाजावर. कंगोरे मोठे, रिंगेला काम जास्त, तिथं ऑइलनं फार निसरडं असून चालत नाही. त्यात पहिलं ऑइल लवकरच फेकायचं. पैठणी नेसून शेणानं सारवायला बसण्यातला प्रकार.

आता प्रत्यक्ष चालू करण्याचा दिवस. ऑइल गेजच्या वरच्या खुणेपर्यंत. फिल्टर लावण्याआधी त्यातही ऑइल भरून घ्या. प्लग चारही काढा आणि सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मध्ये थांबून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. प्लग काढल्यामुळं कॉम्प्रेशन नाही, बेअरिंगांवर जोर नाही. पण हे शंभर वेळा करू नका, प्रत्येक फेरीला कॅमवरची पेस्ट थोडी पुसली जाते. आदल्या दिवशीच टायमिंग, टॅपेट, पॉइंट, सगळं पक्कं करून ठेवा. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल हातानं भरा. पाणी भरून गळती तपासा. माझ्या त्या तासभराची गोष्ट आठवा, एका सेल्फला गाडी चालू झालीच पाहिजे अशी तयारी.

चालू झाली की लगेच दोन हजारावर न्या. पद्मिनीला आरपीएम मीटर नसतो, ड्वेल मीटर (त्यात आरपीएमही दिसतो) असलेल्या मेकॅनिकला एक तासासाठी बोलवा. नाहीच तर कानानं, आयडलच्या तिप्पट बारीक गुणगुण. एकाच जागी धरून ठेवू नका, दोन हजार ते अडीच हजार असं वरखाली करत राहा. समोर उभा पंखा लावा. एक जण पाण्याच्या काट्यावर, एक जण ऑइलच्या दिव्यावर, एक जण गाडीखाली गळती बघायला. रॉकर कव्हर काढून बघायची हिंमत असेल, ऑइल उडेल म्हणून जुना शर्ट घाला, तर प्रत्येक पुशरॉडवर आधीच मार्करनं उभी रेघ मारून ठेवा. चालू इंजिनात ती रेघ हळूहळू फिरताना दिसली तर खाली टॅपेट फिरतोय. आठातली एखादी रेघ एकाच जागी थरथरत उभी असेल तर तिथंच बंद करा आणि मला नाही, पण कुणातरी जाणत्याला बोलवा. वीस ते पंचवीस मिनिटं झाली की बंद. मध्येच गरम झाली तर बंद करून थंड होऊ द्या आणि राहिलेली मिनिटं नंतर पुरी करा. आयडलवर ठेवून थंड करू नका.

बंद केल्यावर ऑइल गरम असतानाच काढा. हो, पंचवीस मिनिटांत. लोकांच्या जिवावर येतं. काळं निघेल, घाबरू नका, ती पेस्ट आहे. चेंबर नटला, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टला, लोहचुंबक घासून बघा. त्यावर शिसपेन्सिलीच्या पुडीसारखं राखाडी पीठ चिकटलं तर ते व्हायचंच. टोचणारे कण, किंवा चुंबकाला न चिकटणारे चमकते पापुद्रे दिसले तर ते बेअरिंग आहे, पुढं जाऊ नका. फिल्टर बदला, तेच १५ डब्ल्यू ४० परत भरा.

मग रस्त्यावर. पहाटे, जिथं मागून ट्रक येत नाही असा सपाट रस्ता. गाडी नीट गरम झाली की तिसऱ्या गिअरमध्ये तीसपासून साठपर्यंत बऱ्यापैकी पाय देऊन न्या, आणि पाय पूर्ण सोडून गिअरमध्येच तीसपर्यंत येऊ द्या. पाय देताना गॅस रिंगेला भिंतीवर रेटतो. पाय सोडताना सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, ती खालचं ऑइल वर खेचून घासलेलं पीठ धुऊन नेते. असं दहा-बारा वेळा. रिंगांचं मोठं काम या अर्ध्या-पाऊण तासात होतं, हजार किलोमीटरमध्ये नाही. वरची रिंग क्रोमची असेल तर जरा जास्त वेळ घेते. यवतेश्वरचा घाट जवळ म्हणून लगेच चार माणसं भरून कासला जाऊ नका. सलग चढावर उष्णता साठत जाते, नव्या पिस्टनला अजून ती झेपत नाही. दोनशे किलोमीटर झाले की जा. एकाच वेगानं महामार्गावर पुण्याला जाणंही पाचशेपर्यंत टाळा.

पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचा टॉर्क आणि टॅपेट तपासा. पंधराशेला परत, आणि तेव्हा २० डब्ल्यू ५० वर जा. तोवर गेजवर लक्ष ठेवा. सुरुवातीला थोडं ऑइल कमी होतं, मग कमी होणं थांबतं. थांबलं की रिंगा बसल्या. सिग्नलला दोन मिनिटं उभं राहून निघताना मागं निळा भपका येत नसेल, ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाइपला हात लावल्यावर वाफ फुसफुसत नसेल, प्लग कोरडे बदामी असतील, तर झालं. दोन हजारानंतरही ऑइल खातच असेल तर ऑइलचे ब्रँड बदलत बसू नका, कॉम्प्रेशन मोजून घ्या.

बाटलीतली औषधं, ‘इंजिन ट्रीटमेंट’, टेफ्लॉनवाली, यातलं काही घालू नका. झिंकची वेगळी बाटलीसुद्धा नको, तयार ऑइलमध्ये ते मापून घातलेलं असतं, त्यावर अंदाजानं ओतलं की फायदा नाही, जास्त झालं तर उलटं कॅमलाच खातं.

कॅम जुनीच ठेवली असती आणि टॅपेट ज्याच्या त्याच्या जागी परत घातले असते, तर वीस मिनिटांचा हा सगळा खटाटोप नव्हता, कुठलंही बरं मिनरल चाललं असतं. मारुती ८०० ला कॅम वर आहे, पण रॉकर तिच्यावर घासतातच, तिथंही कॅम नवी असेल तर हीच काळजी. जुन्या बोलेरोसारख्या टर्बो डिझेलला नवीन काही शोधायचं नाही, १५ डब्ल्यू ४० च. फक्त टर्बोच्या पाइपमध्ये आधी ऑइल सोडा.

राहिला मित्राचा सिंथेटिकचा डबा. परत करू नका, त्याला वाईट वाटेल. घरात दुसरी नवी पेट्रोल गाडी असेल आणि तिच्या पुस्तकात ५ डब्ल्यू ३० लिहिलेलं असेल, तर पुढच्या सर्व्हिसला तिच्यात घाला. पद्मिनीच्या पहिल्या सेल्फला मात्र त्या मित्राला बोलवा. पाण्याच्या काट्यावर बसायला एक माणूस लागणारच आहे.